ताण: लिंबाला आपण दिलेला आणि अंजनाला उन्हानं दिलेला

सातपुडी (धागाकर्ता)

बहार धरायला, म्हणजे बागेला ठरावीक वेळी एकदम फुलं आणायला, पाणी तोडलं की आपण म्हणतो, 'बाग ताणावर सोडली.' झाडं दुष्काळ कसा सोसतात याचा अभ्यास करणारे लोकही ताण हाच शब्द वापरतात, आणि तो अगदी शब्दशः. खोडातलं पाणी मुळापासून पानापर्यंत दोरीसारखं ताणलेलं असतं. खालून ढकलणारा पंप नाही. पानातून वाफ गेली की त्या जागी मागचं पाणी ओढलं जातं, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात म्हणून ओढ थेट मुळापर्यंत पोचते. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडलं, आणि अजून त्याला तोडीस तोड पर्याय उभा राहिलेला नाही.

ही दोरी किती ताणली आहे ते मेगापास्कलमध्ये सांगतात, ओढ आहे म्हणून वजा चिन्ह लावून. १ मेगापास्कल म्हणजे १० बार. कारच्या टायरात सव्वादोन बार हवा असते, यावरून अंदाज घ्या. पाणी भरपूर असलेल्या कागदी लिंबाच्या झाडात पहाटे हा आकडा उणे ०.३ ते ०.५ च्या आसपास असतो, भर दुपारी उणे १ किंवा थोडा खाली.

आता हवेची बाजू. ऑगस्टमध्ये २८ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरली तर हवेची बाष्पाची तूट, म्हणजे हवा अजून किती बाष्प ओढू शकते ते माप, पाऊण किलोपास्कलच्या जवळ येते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे दुपारी ४४ अंश आणि १२ टक्के आर्द्रता धरा: हवा ९.१ किलोपास्कल बाष्प धरू शकते, तिच्यात असतं १.१. तूट ८. म्हणजे ऑगस्टच्या दहापट. जमिनीत पाणी तेवढंच असलं तरी वरून ओढणारा हात दहापट जोराचा झाला. 'पाणी देतोय तरी बाग का वाळतेय?' या दरवर्षीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

या धाग्यावर दोन गोष्टी हव्यात. ताण मोजायचा कसा, आणि बहाराला हवा असलेला ताण कुठे संपून झाड मोडणारा ताण कुठे सुरू होतो.

---

पांझराकाठ

जिभाऊ, हाऊ धागा कामना शे.

डोळ्यांना दिसणाऱ्या खुणांपासून सुरुवात करू. दुपारी पान वळणं ही खूण जवळपास निरुपयोगी आहे. मे महिन्यात ठिबक चालू असलेल्या झाडाचीही पानं दुपारी मलूल होतात, कारण मुळं पुरवतात त्याहून जास्त हवा ओढते. खरी खूण सकाळची. सूर्य उगवायच्या आधी बागेत जा. पान रात्रभरात पुन्हा ताठ झालं असेल तर जमिनीत अजून पाणी आहे. पहाटेही पान मिटलेलं, हाताला कातड्यासारखं आणि फिकं असेल, तर ताण बसला. त्यानंतरची खूण पानगळ. बहारासाठी चौथा हिस्सा, फार तर तिसरा हिस्सा पानं गळली की पाणी सुरू करायचं. अर्धी पानं गळेपर्यंत थांबणारे फुलं भरपूर पाहतात, फळं पाहत नाहीत, कारण फळ पोसायला पानच उरलेलं नसतं.

---

बारीक भिंग

पहाटेचं पान ताठ आहे की नाही, याचाच आकडा काढणारं यंत्र म्हणजे दाबपेटी. पेर शोलँडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये ती प्रसिद्धीला आणली. उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या त्यांनी नेमबाजाकडून बंदुकीनं पाडून घेतल्या होत्या. आपल्याला शिडी पुरते.

तत्त्व साधं आहे. पान कापलं की ताणलेली दोरी तुटते आणि पाणी देठाच्या आत सरकतं. पान पेटीत, देठाचं कापलेलं टोक बाहेर. आत नायट्रोजनचा दाब वाढवत न्यायचा. पाणी पुन्हा काठावर आलं की तो दाब म्हणजेच आधीची ओढ.

करताना चुका कुठे होतात ते सांगतो, कारण यंत्र चुकत नाही, हात चुकतो.

पहाटेचं मोजमाप उजाडायच्या आधी संपवायचं, ४ ते साडेपाच. दुपारचं साडेबारा ते अडीच. दुपारी पान तसंच तोडलं तर त्या एका पानाची अवस्था कळते, झाडाची नाही. म्हणून खोडाजवळचं, सावलीतलं पान निवडून त्याला प्लास्टिकची पिशवी आणि वरून अ‍ॅल्युमिनियमची पन्नी किमान तासभर बांधून ठेवायची. पान वाफ सोडायचं थांबवतं आणि खोडाशी बरोबरीला येतं. मग पिशवीसकट तोडायचं.

कापायला नवं ब्लेड, एकच काप. देठ ओबडधोबड झाला म्हणून दुसऱ्यांदा कापू नका, देठाची लांबी बदलली की आकडा बदलतो. तोडल्यापासून पेटीत जाईपर्यंत अर्ध्या मिनिटाच्या आत काम व्हायला हवं. उन्हात पान हातात घेऊन गप्पा मारल्या तर उणे ०.२ चा फरक सहज पडतो.

दाब हळू वाढवायचा, सेकंदाला ०.०२ ते ०.०३ मेगापास्कल. भिंगातून टोकाकडे पाहायचं. आधी टोक काळपट ओलं होतं, मग पाण्याचा पातळ थर चमकतो. थर चमकला तोच आकडा. बुडबुडे यायला लागले म्हणजे तुम्ही पुढे गेलात, किंवा रबरी बुचातून हवा निसटतेय. आंब्याच्या आणि वडाच्या देठात चीक असतो, तो आधी येतो आणि नवखा माणूस तोच आकडा लिहितो. टिपकागदानं चीक पुसून पाणी येईपर्यंत थांबायचं. अंजनाचं पान दोन पाळ्यांचं आणि देठ नाजूक, बुचात चिरडतो. तिथे पानाऐवजी कोवळी डहाळी घ्या.

चेहरा कधीही देठाच्या वर आणू नका, बाजूनं पाहा. ४० बारच्या दाबानं देठ बाणासारखा सुटतो. चष्मा हवाच.

हातपंपाची स्वस्त दाबपेटी २० बारच्या आसपास थांबते. पाणी दिलेल्या बागेला ती पुरते. ताणावरच्या बागेला आणि मे महिन्यातल्या जंगलाला पुरत नाही.

---

काळी कसदार

मातीत टेन्शिओमीटर (टोकाला सच्छिद्र टोपी असलेली पाण्याची नळी) रोवून ताण मोजणाऱ्यांसाठी एक ओळ: ते ८० ते ८५ सेंटिबारला, म्हणजे जेमतेम ०.०८ मेगापास्कलला, संपतं. त्यापुढे सच्छिद्र टोपीतून हवा शिरते, नळीतलं पाणी तुटतं आणि काटा शून्याकडे येतो. म्हणजे जमीन सर्वांत कोरडी असताना मीटर 'ओली' दाखवतं. ताणाच्या काळात ते काढून धुऊन ठेवा. जिप्सम ब्लॉक (मातीत पुरून ओल मोजायचा ठोकळा) त्यापुढे चालतो, पण काळ्या जमिनीत भेगा पडल्या की ब्लॉक आणि माती यांचा संबंधच तुटतो. ब्लॉक बसवताना त्याच मातीचा चिखल करून भोवती दाबायचा, नाहीतर तुम्ही भेगेतली हवा मोजत बसाल.

आणखी एक. तापीच्या काठच्या भारी जमिनीत, ज्याला आपण 'अजून ओल आहे' म्हणतो ती बऱ्याचदा झाडाच्या उपयोगाची नसते. चिकणमाती उणे १.५ मेगापास्कलला, म्हणजे बहुतेक पिकं कायमची कोमेजतात त्या ठिकाणीही, आकारमानानं २० टक्के किंवा अधिक पाणी धरून बसते. मुठीत गोळा होतो, झाडाला घोट मिळत नाही. मुरमाड जमिनीत उलट: पाणी कमी, पण जे आहे त्यातलं बरंचसं झाड घेऊ शकतं, आणि मग एकदम संपतं.

---

हस्तबहार

वरचं वाक्य बहार धरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. हलक्या जमिनीला ३० ते ३५ दिवस आणि भारीला ५५ ते ६० दिवस ताण द्यायचा, याचं कारण हेच. पण दिवस हे झाडाचं माप नाही, जमिनीचं आहे, तेही ढोबळ. आंबेबहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीतल्या फुलांसाठी) डिसेंबरात पाणी तोडलं आणि मधे अवकाळी झाला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

झाडाच्या बाजूचं माप फ्लोरिडात निघालेलं आहे. साउथविक आणि डेव्हनपोर्ट यांनी १९८६ मध्ये कुंडीतल्या ताहिती लिंबाला ताण दिला. दुपारचा आकडा उणे २.२५ मेगापास्कलच्या आसपास असलेला मध्यम ताण आणि उणे ३.५ चा तीव्र ताण, दोन्हींत दोन आठवडेही फुलं आणायला पुरले. पाणी न तोडता नुसता थंडावा दिला, दिवसा १८ आणि रात्री १० अंश, तरी जवळपास मध्यम ताणासारखाच परिणाम मिळाला.

आता हे खानदेशावर लावून पाहा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री १० अंशांच्या खाली जातात. आंबेबहाराला आपण पाण्याचा ताण देतो आणि थंडी वरून फुकट मिळते. म्हणून आंबेबहार भरवशाचा. हस्तबहाराला (सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या फुलांना) ऑगस्ट-सप्टेंबरात ताण हवा, तेव्हा वरून पाऊस आणि रात्री उबदार, दोन्ही दारं बंद. म्हणूनच कागदी लिंबाच्या हस्तबहाराला वेळापत्रक रसायनांचं आहे: जूनमध्ये जिबरेलिक अ‍ॅसिड ५० पीपीएम, म्हणजे लिटरला ५० मिलिग्रॅम, जेणेकरून नको तेव्हाची फुलं दबतील. सप्टेंबरात वाढ रोखणारं क्लोरमेक्वाट क्लोराईड १००० पीपीएम, ५० टक्क्यांचं द्रावण असेल तर लिटरला २ मिली. ऑक्टोबरात पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, म्हणजे १० लिटरला १०० ग्रॅम. जिबरेलिक पावडर थेट पाण्यात विरघळत नाही, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवायची. ती पाण्यात तशीच ढवळली की गुठळ्या टाकीच्या तळाला राहतात आणि औषध 'फेल' ठरतं.

ताणलेल्या पानात अमोनिया साठतो आणि तो जितका जास्त तितकी फुलं जास्त, असा संबंध कॅलिफोर्नियात कॅरल लॉवेट यांनी दाखवला.

ताण तोडताना जास्त नुकसान होतं. आंबवणी, म्हणजे ताणानंतरचं पहिलं पाणी, हलकी द्यायची, एरवीच्या पाण्याच्या निम्मी. आठवड्यानं चिंबवणी, म्हणजे दुसरं पाणी, मग नेहमीचं पाणी. पहिल्याच दिवशी आळं तुडुंब भरलं तर दोन गोष्टी होतात. ताणात बारीक पांढरी मुळं बरीच मेलेली असतात, उरलेल्यांना काळ्या मातीत हवा मिळत नाही, आणि झाड पाण्यात उभं राहून कोमेजतं. दुसरं, फुलाऐवजी नवती फुटते. पालवी हिरवीगार दिसते, लोक खूश होतात, बहार गेलेला असतो.

---

पांझराकाठ

भारी जमिनीत ५० दिवस झाले तरी पान वळत नाही, अशा बागांचं काय? दरवर्षी पाच-सहा जण हे विचारतात.

---

हस्तबहार

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. शेजारच्या केळीचं ठिबक, पाटाचा पाझर, किंवा झाडाची मुळं बांधापलीकडे गेलेली. उभी-आडवी वखरणी करून वरची बारीक मुळं तोडली की ताण लवकर बसतो. नांगर घालू नका, जाड मुळं तुटली की डिंक्याला (डिंक गळण्याच्या रोगाला) दार उघडतं. एवढं करूनही बसत नसेल तर वर दिलेली क्लोरमेक्वाटची फवारणी, लिटरला २ मिली.

---

गिरणेचा गाळ

व्हॉट्सअ‍ॅपवर एक व्हिडिओ फिरतोय, 'तहानलेली झाडं रडतात, शास्त्रज्ञांनी आवाज पकडला.' खाली कुणीतरी जगदीशचंद्र बोसांचा फोटो जोडलाय. यात तथ्य किती?

---

बारीक भिंग

आवाज खरा, रडणं खोटं.

ही पाण्याची दोरी लाकडातल्या बारीक नळ्यांतून जाते. ताण वाढत गेला की तीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी क्षणात रिकामी होते. तुटताना बारीक टकटक होते. जॉन मिलबर्न आणि जॉन्सन यांनी १९६६ मध्येच ती ऐकली होती. पुढे ती टकटक माणसाच्या कानापलीकडच्या ध्वनीत मोजू लागले. २०२३ मधलं तेल अवीवचं काम असं आहे, की टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे असे आवाज हवेतून, काही अंतरावरून पकडता आले. बुडबुडे हे त्याचं संभाव्य कारण आहे. सुतळी तुटताना आवाज होतो म्हणून सुतळी रडली असं कुणी म्हणत नाही.

बोसांचं म्हणाल तर माणूस मोठा. वनस्पतीची विद्युत प्रतिक्रिया आणि सूक्ष्म वाढ मोजणारी त्यांची यंत्रं त्या काळाच्या पुढची होती. पण खोडातल्या पेशी हृदयासारख्या धडधडून रस वर चढवतात, हे त्यांचं १९२३ च्या पुस्तकातलं म्हणणं टिकलं नाही. डिक्सन-जोलींचं टिकलं. आदर ठेवूनही हे सांगता येतं.

---

सातपुडी

आता जंगलाकडे. बागेत पाणी आपण तोडतो आणि आपणच जोडतो. सातपुड्यात यावल किंवा तोरणमाळच्या उतारावर ते कुणी जोडत नाही, तरी तिथली झाडं हजारो उन्हाळे काढतात. एकूण तीन डावपेच दिसतात.

साग पानंच टाकून देतो. मार्च ते मे उभं खोड. पान हा सर्वांत स्वस्त भाग, घरातल्या फ्यूजसारखा: तो आधी उडाला की मागची वायरिंग वाचते. सालईही तशीच, आणि निष्पर्ण असतानाच फुलते.

अंजन वेगळा. पानं थोडे दिवस झडतात आणि ऐन उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये, नवी लालसर पालवी येते, जेव्हा वरची जमीन ठणठणीत असते. त्याचं सोटमूळ खडकाच्या फटीतून खोल उतरतं. आपल्याकडच्या उघड्याबोडक्या टेकड्यांवर अंजन टिकला तो या मुळावर. कडुनिंब आणि पिंपळ यांची पालवीही उन्हाळ्यातली.

तिसरा डाव साठवणीचा. काटेसावर, पांगारा यांचं लाकूड हलकं, त्यात पाणी भरपूर मावतं. रॉल्फ बोर्चर्ट यांनी कोस्टारिकाच्या कोरड्या जंगलात १९९४ मध्ये दाखवलं, की पानं गळल्यावर खोड आतून पुन्हा भरतं आणि त्या पाण्यावर फुलं आणि पालवी येते. पाऊस न पडता सावर का फुलते, याचं उत्तर त्यात आहे.

आता वाईट बातमी. २०१२ मध्ये ब्रेंडन शोट आणि बऱ्याच देशांतल्या सहकाऱ्यांनी ८१ ठिकाणच्या २२६ जंगली जातींचे आकडे एकत्र केले. प्रत्येक जातीच्या खोडातली पाण्याची अर्धी वाहतूक बंद पडते तो ताण आणि ती प्रत्यक्षात सोसते तो सर्वांत मोठा ताण, या दोन्हींतलं अंतर पाहिलं. सुमारे ७० टक्के जातींत ते १ मेगापास्कलहून कमी निघालं, आणि पावसाळी जंगल असो की कोरडं, फार फरक नव्हता. म्हणजे कोरड्या भागातलं झाड चिवट असतं, पण कडेवरच उभं असतं. त्याला सवय आहे तेवढ्याच उन्हाळ्याची त्याची तयारी.

---

काळी कसदार

पण मग रात्री त्या नळ्या पुन्हा भरत नाहीत का? पुष्कळ ठिकाणी तसं वाचलंय.

---

बारीक भिंग

हा वादाचा मुद्दा आहे. रोज तुटतात आणि रोज भरतात असं दाखवणाऱ्या बऱ्याच मोजमापांवर २०१३ मध्ये प्रश्नचिन्ह लागलं. ताणावर असलेली फांदी पाण्याखाली कापली तरी काप देतानाच नळ्यांत हवा ओढली जाते. दुपारी ताण जास्त, म्हणून दुपारच्या नमुन्यात हवा जास्त. म्हणजे 'दुपारी तुटलं, रात्री भरलं' हा आपल्याच कात्रीचा खेळ असू शकतो. म्हणून आता फांदी आधी पिशवीत झाकून ताण उतरू देतात, लांब कापतात, मग पाण्याखाली दोन्ही टोकांकडून थोडं थोडं छाटत मधला तुकडा घेतात. सागासारख्या झाडात हंगामाच्या सुरुवातीला बनलेल्या नळ्या इतक्या लांब आणि रुंद असतात, की वीतभर तुकड्यात त्या दोन्ही टोकांना उघड्या राहतात. त्याच्यासाठी मीटरभराहून लांब फांदी घ्या, नाहीतर मोजूच नका.

---

सातपुडी

मरतं कसं, यावर दोन पक्ष आहेत. नेट मॅकडॉवेल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ते नीट मांडले. पहिला: नळ्या तुटून पाणी बंद. दुसरा: पाणी वाचवायला पर्णरंध्रं (पानांची बारीक छिद्रं) मिटली, मिटली की अन्न बनणं थांबलं, साठा संपला. पहिल्यात झाड तहानेनं जातं, दुसऱ्यात उपासानं. नंतरच्या पुराव्यात पाण्याची बाजू जड भरली, तरी दोन्ही एकमेकांना ढकलतात आणि शेवटचा धक्का बहुधा किडीचा असतो. खोडकिडा दिसला म्हणून खोडकिड्यालाच दोष देऊ नका, तो बऱ्याचदा आधीच अर्धमेल्या झाडावर येतो.

रोपांचं गणित वेगळं. सागाचं रोपटं पहिली काही वर्षं दर उन्हाळ्यात जमिनीपर्यंत वाळतं, खाली मूळ जाड होत राहतं, आणि पुरेसं झालं की एका पावसाळ्यात सरळ सोट कोंब येतो. रोपवाटिकेतला सागाचा स्टंप हीच युक्ती आहे: बोटाएवढं जाड मूळ १५ ते २० सेंटिमीटर, वर खोड फक्त २ ते ३ सेंटिमीटर, पानं शून्य. पान नाही, म्हणजे ओढ नाही. म्हणून स्टंप गोणपाटात गुंडाळून प्रवास सोसतो आणि पानांसकट उपटलेलं रोप सोसत नाही.

---

तापमापी

खोडातला प्रवाह मोजायच्या सुयांबद्दल लिहितो. ग्रानिए यांची १९८५ ची पद्धत: २ सेंटिमीटरच्या दोन सुया, एकावर एक, मधे साधारण १० सेंटिमीटर. वरची तापवायची, ०.२ वॅट. पाणी वाहिलं की ती निवते. दोन्हींतल्या तापमानाचा फरक शून्य प्रवाहाला सर्वांत जास्त असतो, त्यावरून बाकीचं गणित.

इथेच खानदेशात घोटाळा होतो. शून्य प्रवाह पहाटे धरतात. पण मे महिन्यात रात्रीही हवा कोरडी आणि गरम, झाड रात्रभर थोडं वाफ सोडत राहतं, शून्य येतच नाही. एका रात्रीचा कमाल फरक शून्य धरला तर दिवसाचा प्रवाह कमी निघतो. आठ-दहा रात्रींतला सर्वांत मोठा फरक घ्या, शक्यतो ढगाळ, दमट रात्रीचा.

सागात दुसरी अडचण. बाहेरचं पाणी वाहणारं लाकूड पातळ असतं, सुई २ सेंटिमीटर आत गेली की टोक मधल्या मृत लाकडात. तेवढा भाग निवतच नाही, म्हणून प्रवाह पुन्हा कमी दिसतो. आधी बारीक गिरमिटानं नमुना काढून फिकट लाकडाची जाडी मोजा आणि दुरुस्ती लावा. खोडाला चकचकीत पन्नी गुंडाळा, सुयांच्या वर-खाली अर्धा मीटर. दुपारचं ऊन खोडाच्या पश्चिमेला पडलं की तुम्ही सूर्य मोजता, झाड नाही. म्हणून सुया उत्तरेकडून.

ज्यांना इतकं नको त्यांनी लेझरवाली तापमानबंदूक घ्यावी. पाणी मिळणाऱ्या झाडाचं उन्हातलं पान कोरड्या हवेत हवेपेक्षा दोन-चार अंश थंड असतं. रंध्रं मिटली की तेच हवेपेक्षा गरम होतं. बंदुकीचं गुणोत्तर १२ ला १ असेल तर ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरचा ठिपका दिसतो, लिंबाच्या पानाला त्याहून जवळ जा. मागे आकाश किंवा तापलेली माती येऊ देऊ नका. एका झाडाची एकाच बाजूची दहा पानं, दुपारी १ ते अडीच, आणि हवेचं तापमान सावलीत. कालच्या नुसत्या आकड्याशी आजचा जुळवू नका, हवेशी असलेला फरक जुळवा.

---

हस्तबहार

मे महिन्याच्या बचावाचं थोडक्यात, कारण यावर धागे पुष्कळ आहेत. केओलिन (बारीक पांढरी माती) ८ टक्के, म्हणजे १० लिटरला ८०० ग्रॅम. पान पांढरं होतं आणि ऊन परततं. टाकी सतत ढवळावी लागते, नाहीतर नोझल तुंबतो. नवतीवर आणि फुलोऱ्यात मारू नका. आच्छादन ८ ते १० सेंटिमीटर, बुंध्यापासून वीतभर लांब. चिटकवून टाकलं की बुंधा सडतो. ठिबकच्या नळ्या बुंध्याजवळ नकोत, पानांच्या घेराच्या कडेला.

आणि बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. ती बुरशीसाठी आहे, उन्हासाठी नाही. मे अखेर आणि पावसाळा संपल्यावर लावतात तेव्हा खोड निळसर दिसतं. उन्हाचे चट्टे टाळायचे असतील तर नैऋत्येकडच्या उघड्या खोडाला पांढरा चुना.

---

गिरणेचा गाळ

ताणात वाळलेल्या फांद्या कधी छाटायच्या? रस्त्याकडेची कडुनिंबं अर्धी वाळलेली दिसताच लोक कुऱ्हाड घेतात.

---

सातपुडी

घाई नको. वाळलेलं दिसतं त्यातलं पुष्कळ फक्त निष्पर्ण असतं. नखानं किंवा चाकूच्या टोकानं साल गव्हाच्या दाण्याएवढी खरवडा. खाली हिरवं-ओलसर म्हणजे जिवंत, तपकिरी-कोरडं म्हणजे मेलेलं. शेंड्याकडून सुरू करा, दर अर्ध्या फुटावर एक खरवड, जिथे हिरवं लागेल तिथे खूण करा. मेमध्ये एकदा, आणि पहिला मोठा पाऊस पडून तीन आठवड्यांनी पुन्हा. दोन खुणांमधला भाग कधीकधी फुटतो. जिथे दोन्ही वेळा तपकिरी, तिथून हिरव्याच्या दोन बोटं आत कापा.

काप पाहून घ्या. कडेचं फिकट लाकूड कोरडं आणि मधे काळपट रेघा असतील तर खूण अजून मागे न्यावी लागेल. आणि एक पावसाळा चांगला गेला म्हणून झाड सुटलं असं धरू नका. तुटलेल्या नळ्यांच्या जागी नवं लाकूड यायला झाडाला एकदोन वर्षं लागतात, तोवरचा साधा उन्हाळाही त्याला जड असतो. अशा झाडाला पुढच्या मार्चपासूनच पाणी धरा, पहाटेचं पान मिटायची वाट न पाहता.

---

पांझराकाठ

खरवड दक्षिणेकडच्या बाजूला करू नका, तिथलीच साल आधी भाजते आणि जिवंत फांदी मेलेली वाटते. उत्तरेकडून पाहा.